बंद यंत्राचा सत्कार

आमच्या संस्थेत कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढायची पद्धत होती, आत धूळ जाऊ नये म्हणून. नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. सगळ्या इमारतीत एसी तेवढ्या एका खोलीत होता, त्यामुळे उन्हाळ्यात काहीतरी निमित्त काढून आम्ही सगळेच तिथे जाऊन बसायचो. देशाच्या धुराचं काय करायचं हे त्या खोलीत ठरलं. अनवाणी पायांनी, गार हवेत. मला त्या खोलीचा अजून राग येतो. आणि आधीच सांगून टाकते, त्या रागातला बराचसा माझा माझ्यावरच आहे.

मी निपाणीची. घरात मराठी, बाजारात कन्नड, असं वाढलेली. बेळगावला इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग केलं, लग्न होऊन बंगळुरात आले आणि यशवंतपुरात दोन खोल्यांच्या घरात राहिले. नवरा तिथल्याच एका कारखान्यात पंपांच्या जोडणीवर होता. मला नोकरी मिळाली ती ऊर्जेवर संशोधन करणाऱ्या संस्थेत. खात्यात मी एकटीच बाई होते आणि बहुतेक वेळा खेडेगावात जायचं काम निघालं की माझ्याकडे यायचं, कारण मला कन्नड येत होतं आणि धुळीच्या बसचं काही वाटत नव्हतं.

त्या वर्षी दिल्लीहून मोठं काम आलं. बाहेरच्या देशांत परिषदा भरत होत्या, पृथ्वी तापते आहे असं शास्त्रज्ञ सांगत होते, आणि आपल्या देशानंही काहीतरी करून दाखवावं असं दिल्लीला वाटू लागलं होतं. एक राष्ट्रीय आराखडा करायचा होता. त्याचा तांत्रिक भाग आमच्याकडे. कल्पना अशी, की ज्या गावांत वीज नाही किंवा नावापुरती आहे, त्यांनी कोळशाच्या विजेची वाट बघायची नाही. गायरानात झाडं लावायची. त्या झाडांच्या लाकडाचे तुकडे एका उभ्या लोखंडी भट्टीत अर्धवट जाळायचे, निघेल तो वायू गाळून इंजिनात सोडायचा, जोडीला थोडं डिझेल, आणि त्या इंजिनावर जनरेटर फिरवून गावापुरती वीज करायची. या यंत्राला गॅसिफायर म्हणतात. जाळलेल्या लाकडाचा धूर नवी झाडं पुन्हा शोषून घेणार, म्हणजे हिशेब शून्य. आणि हे सगळं दहा वर्षांत, सगळ्या देशात.

मला ती कल्पना आवडली होती. हे मुद्दाम लिहिते, कारण पुढे माझ्याबद्दल असं बोललं गेलं की बाई पहिल्यापासून विरोधातच होत्या. हवा तापते आहे हे मला तेव्हाही पटलेलं होतं. काहीतरी मोठं करायला हवं हेही पटलेलं होतं. यंत्रही मला माहीत होतं. आमच्या साहेबांनी तरुणपणी स्वतःच्या हातानं वेल्डिंग करून त्याचा पहिला नमुना बनवला होता. साहेब म्हणजे आमच्या खात्याचे प्रमुख. मूळचे म्हैसूरकडचे, आवाज कधी न चढवणारे, अभ्यासू. असा माणूस खोटं बोलला की ते ओळखायला वेळ लागतो.

आराखड्याची आकडेमोड पुण्याहून आलेल्या एका सहकाऱ्याकडे होती. हुशार मुलगा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बंगळुरात येऊन दीडएक वर्ष झालेलं. खात्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. दुपारी डबा एकत्र खायचो. मी ‘काय करायलास’ म्हटलं की तो हसायचा, आणि त्याचं ‘ॲक्च्युअली’ ऐकून मी हसायची. त्यानं कॉम्प्युटरवर सगळ्या देशाचा एक तक्ता बांधला होता. गावं, माणसं, लागणारी वीज, यंत्रं, लाकूड, जमीन. एका चौकोनातला आकडा बदलला की बाकी सगळे आपोआप बदलत. तो ते दाखवायला लागला की खरंच बघत राहावंसं वाटे.

त्यात एक चौकोन होता: यंत्र वर्षातले किती दिवस चालेल. तिथे त्यानं जवळजवळ सगळे दिवस धरले होते. मी विचारलं, हे कुठून आणलंस. म्हणाला, यंत्र बनवणाऱ्यांच्या पुस्तिकेतून. ती चाचणी कशी होते मला माहीत होतं. कारखान्याच्या शेडमध्ये, सुकवून मापात कापलेलं लाकूड, शेजारी तीन इंजिनिअर उभे, आणि एकूण आठ दिवस.

त्याच सुमारास साहेबांनी मला एक काम दिलं. आराखड्यात मधेमधे चौकटी घालायच्या होत्या, चालू असलेल्या गावांच्या यशोगाथा. दोन वर्षांपूर्वी आमच्याच संस्थेनं होसकोट्याच्या पुढे एका गावात यंत्र बसवून दिलं होतं. तिथे जाऊन पानभर मजकूर आणि दोन फोटो आणा, म्हणाले.

मी गेले. होसकोट्यापर्यंत एक बस, पुढे दुसरी, आणि शेवटी नीलगिरीच्या खासगी लागवडीच्या कडेकडेनं पायी. यंत्राची शेड तळ्याच्या काठावर होती आणि तिला कुलूप होतं. शेजारच्या घरातून एक बाई आली. उंच, चाळिशी ओलांडलेली, हाताला जुने भाजल्याचे डाग. यंत्र चालवायला गावानं हिलाच निवडलं होतं. नऊ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेली. गाव तिला अक्का म्हणायचं, मीही अक्काच म्हणू लागले; ती मला शेवटपर्यंत मेडम म्हणाली.

तिनं कुलूप उघडलं. इंजिनावर पोती झाकलेली होती, भट्टीच्या झाकणाला कोळ्यांनी जाळी केली होती. मी विचारलं, कधीपासून बंद आहे. तिनं घरातून वह्या आणल्या. आमच्याच संस्थेनं दिलेल्या वह्या, रोजचे तास आणि लाकडाचं वजन लिहायला रकाने आखलेल्या. पहिले आठ महिने रकाने भरलेले होते. मग मधेमधे ‘बंद’ आणि पुढे कारण. लाकूड ओलं. कोयत्याची धार गेली. गाळणीला वाळू नाही. इंजिन खोकतं. मेकॅनिक येतो म्हणाला. मेकॅनिक आला नाही. एक अख्खं पान, एकाखाली एक, रोजची तारीख आणि ‘मेकॅनिक आला नाही’. मग मुलीचं बाळंतपण. मग पुन्हा मेकॅनिक. यंत्र बंद पडून वर्ष झालं होतं आणि ती आदल्या दिवसापर्यंत लिहीत होती.

मी विचारलं, अजून का लिहिता?

“लिहा म्हणून सांगितलं होतं,” ती म्हणाली. “थांबवा म्हणून कोणी सांगितलं नाही.”

मग तिनं सगळं सांगितलं. तक्रारीच्या सुरात नाही. एका कारागिरानं दुसऱ्याला सांगावं तसं. यंत्र चांगलं होतं, म्हणाली. आठ महिने गावात दिवे होते, नळाला पाणी चढत होतं, बायकांचा विहिरीवरचा फेरा वाचला होता. पण लाकूड मुठीएवढं कापावं लागतं आणि पापडासारखं सुकवावं लागतं. पावसाळ्यात सुकवायचं कुठे, ते प्रशिक्षणात कोणी सांगितलं नाही. रोजचं लाकूड कापायला दोन माणसं अर्धा दिवस लागत. गायरानात पाच-सहा वर्षं आधीच नीलगिरी लावून ठेवली होती ती यंत्रासाठीच, पण झाडं हाताशी आल्यावर त्यांचा लिलाव झाला आणि ट्रक भरून गेले. बकऱ्यांचं गायरानही गेलं आणि लाकूडही गेलं. मग ती बांधावरच्या बाभळी तोडू लागली, तर ज्या बायका त्याच बाभळींवर चूल पेटवत त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. वायू धुतलेलं काळं पाणी तळ्यात सोडायला पाइप बसवला होता. दोन म्हशी आजारी पडल्या. लोक तिच्या दाराशी येऊन शिव्या देऊन गेले. तेव्हापासून ती ते पाणी डब्यांत भरून लांब रस्त्याकडेला नेऊन ओतत होती. एकटी. इंजिनाचा एक भाग झिजला तो फक्त यशवंतपुरात मिळत होता, आणि त्याचं नाव इंग्रजीत होतं, तिला कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

मी यशवंतपुरात राहत होते. तो भाग माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर मिळत होता.

परत येऊन मी पुण्याच्या सहकाऱ्याला त्या वह्यांतली माझी टिपणं दाखवली. त्यानं ती शेवटपर्यंत वाचली. मग आम्ही चपला काढून आत गेलो आणि त्यानं त्या चौकोनात अक्काच्या वह्यांतून निघणारा आकडा टाकला. तेव्हाचे कॉम्प्युटर हळू होते. ओळी एकेक करून बदलत गेल्या. यंत्रांची संख्या वाढली. लाकूड वाढलं. मग जमीन वाढत गेली, आणि शेवटी देशात नाही एवढं गायरान लागू लागलं. तो खुर्चीत मागे रेलला आणि हे साहेबांना दाखवायलाच हवं म्हणाला. त्यानं दाखवलंही. मी सोबत होते.

साहेबांनी चष्मा काढून पडदा नीट पाहिला. मग म्हणाले, एका गावावरून देश ठरत नाही. ते बरोबर होतं. मी म्हटलं, मग आणखी दहा गावं बघू या, मी जाते. ते म्हणाले, वेळ नाही, दिल्लीची समिती पुढच्या महिन्यात येते आहे. आणि हा आराखडा आहे, पाहणीचा अहवाल नव्हे. ध्येय लहान ठेवलं तर कोणी लक्ष देत नाही. अडचणी अंमलबजावणीत सुटतात.

अंमलबजावणीचं प्रकरण मी वाचलं होतं. एवढ्या जाड आराखड्यात ते सव्वा पान होतं. इंग्रजीत होतं, आपल्याकडच्या सरकारी भाषेत सांगायचं तर त्यातली सगळी वाक्यं ‘करण्यात यावी’, ‘देण्यात यावे’ अशी होती. देखभालीची योग्य व्यवस्था करण्यात यावी. लोकांचा सहभाग घेण्यात यावा. जमीन उपलब्ध करून देण्यात यावी. कोणी करायची व्यवस्था? कोणाची जमीन? त्या सव्वा पानात एकाही वाक्याला कर्ता नव्हता. झाडं किती उगवतील ते दशांशापर्यंत, आणि ती तोडणार कोण याचा पत्ता नाही. दशांश चिन्ह दिसलं की आपल्याकडे माणसं गप्प बसतात. मीही कितीदा बसले असेन.

दुसऱ्या दिवशी त्या चौकोनात जुना आकडा परत आला होता. मी सहकाऱ्याला विचारलं तर तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, “आकडा माझा नाहीये, संस्थेचा आहे.” मी माझा डबा उचलला आणि माझ्या टेबलावर जाऊन खाल्ला. पुढचे कितीतरी दिवस तसंच.

मग साहेबांनी बोलावून सांगितलं की समितीपुढे त्या ऑपरेटर बाईंचा सत्कार करायचा आहे, त्यांना घेऊन या. मी म्हटलं, यंत्र बंद आहे. ते म्हणाले, सत्कार बाईंचा आहे, यंत्राचा नाही. त्यांच्या आवाजात जराही खोच नव्हती. त्यांना खरंच तसं वाटत असावं.

मी नाही म्हणू शकले असते. पण मला वाटलं, ती आली तर बोलेल, आणि ती बोलली तर ऐकावंच लागेल. म्हणून गेले. तिला सांगितलं की दिल्लीहून मोठी माणसं येणार आहेत, तुम्हाला जे वाटतं ते सांगा. यशाबद्दल शाल मिळणार आहे हे सांगितलं नाही. मुद्दाम नाही सांगितलं. ठरल्या दिवशी ती मुलीच्या लग्नातली रेशमी साडी नेसून, वह्या कापडी पिशवीत घालून बसस्टॉपवर उभी होती. एवढ्या लवकर आलेली की स्टॉपवर दुसरं कोणी नव्हतं.

सभागृहात समितीचे सहा-सात लोक, आमचे वरिष्ठ, फोटोग्राफर. शाल झाली, नारळ झाला, हार झाला. टाळ्या झाल्या. समितीच्या अध्यक्षांनी माझ्याकडे बघून इंग्रजीत सांगितलं, यांना विचारा, यंत्रामुळे यांचं जीवन कसं बदललं. मी कन्नडमध्ये विचारलं. अक्का एक हात खुर्चीच्या पाठीवर ठेवून उभी राहिली आणि थेट अध्यक्षांकडे बघत बोलू लागली, जणू त्यांना कन्नड येत होतं. यंत्र चांगलं होतं, आठ महिने चाललं, वर्षभर बंद आहे. मी ते इंग्रजीत सांगितलं, जसंच्या तसं. लाकूड मिळत नाही, गायरानातली झाडं लिलावात गेली. तेही सांगितलं. अध्यक्षांच्या कपाळाला आठी पडली. तळ्यात काळं पाणी जायचं, असं तिनं सुरू केलं, तेवढ्यात साहेब उठले. हसत हसत त्यांनी माझ्या हातातला माइक घेतला आणि समितीला म्हणाले, माझ्या सहकारी जरा घाबरल्या आहेत, मी मदत करतो.

कन्नड त्यांची मातृभाषा. अक्काला वाटलं, बरं झालं, साहेबच आले. ती आणखी मोकळेपणानं बोलू लागली. काळ्या पाण्याचं, म्हशींचं, मेकॅनिकचं, नऊ दिवसांच्या प्रशिक्षणाचं. नवीन इंजिन असेल तर पाठवा, मी चालवीन, असंही म्हणाली. साहेबांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि इंग्रजीत सांगितलं, बाई म्हणतात प्रशिक्षणाचा काळ वाढवायला हवा, आणि गावाला आणखी यंत्रं हवी आहेत.

ते पूर्ण खोटं नव्हतं. तिच्या बोलण्यातले दोन धागे त्यांनी उचलले आणि बाकी सगळं सोडून दिलं. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. अक्कानं त्या आपल्या बोलण्याला समजून हात जोडले. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते. मला कन्नडही कळत होतं आणि इंग्रजीही. त्या सभागृहात दोन्ही बाजू कळणारे आम्ही दहा-बारा जण तरी असू. एकही जण बोलला नाही. त्यांच्यावर मी रागवू कशी, मी तर माइकच्या शेजारी होते.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली होती. व्हाइटफील्ड मागे पडलं तेव्हा तिनं विचारलं, मी बोलले ते सगळं साहेबांनी सांगितलं ना. मी खोटं बोलण्याच्या तयारीत होते. पण जमलं नाही. काय सांगितलं आणि काय गाळलं ते मी तिला सांगितलं.  तिनं खांद्यावरची शाल काढली, नीट चौकोनी घडी घातली, माझ्या मांडीवर ठेवली.

“मेडम,” ती म्हणाली, “तुम्ही होता ना तिथे.”

तिचा स्टॉप आला तशी ती वह्यांची पिशवी घेऊन उतरली.

त्यानंतर दोन दिवस घरी मी प्रत्येक गोष्टीवर खेकसत होते. नवऱ्यानं शेवटी विचारलं काय झालं. सांगितल्यावर तो म्हणाला, आमच्याकडे पंप बाहेर पडला की त्याच्या मागोमाग सुट्या भागांची पेटी जाते, नाहीतर गिऱ्हाईक दारात येऊन उभं राहतं. तुमच्याकडे गिऱ्हाईक दारात येऊ शकत नाही, एवढाच फरक.

मी तीन पानांचं टिपण लिहिलं. त्यात विशेषणं एकही ठेवली नाहीत, फक्त प्रश्न. लाकूड कोण कापणार. पावसाळ्यात कुठे सुकवणार. गायरान आत्ता कोण वापरतं आणि त्यांना कोणी विचारलं का. काळं पाणी कुठे जाणार. मेकॅनिक किती लांब. खाली लिहिलं, की याची उत्तरं मिळेपर्यंत आकडे छापू नयेत, आधी एका तालुक्यात पाच वर्षं करून बघावं. एक प्रत साहेबांना दिली, एक रजिस्टर्ड पोस्टानं समितीला धाडली.

साहेबांनी बोलावलं. रागावले नाहीत. म्हणाले, तुम्ही विरोधकांच्या हाती आयतं हत्यार देता आहात. उद्या कोळशाच्या बाजूचे लोक तुमचा कागद नाचवतील.

“माझा कागद कशाला लागेल त्यांना,” मी म्हटलं. “ते बंद यंत्रं दाखवतील.”

महिन्याभरात माझी बदली संस्थेच्या येलहंक्याच्या चाचणी शेडमध्ये झाली. दिल्लीहून एका ओळीचं उत्तर आलं, टिपण मिळालं म्हणून. आराखडा छापला गेला. गुळगुळीत कागद, आत अक्काचा शालीतला फोटो, खाली गावाचं नाव ‘यशस्वीरीत्या कार्यरत’ या यादीत. त्यावर दिल्लीत तत्त्वतः मान्यता का काय म्हणतात ती मिळाली, आणि एकाच मापाची यंत्रं घाऊक बनवून कितीतरी जिल्ह्यांत एकदम धाडली गेली. कोरडवाहू गावात तीच, भातशेतीच्या गावात तीच. त्यातली काही दुरुस्तीसाठी आमच्याच शेडमध्ये परत आली. आतून सगळीकडे तेच काळं चिकट साचलेलं. मी ती खरवडायची आणि मनातल्या मनात त्या सव्वा पानातली वाक्यं म्हणायची. देखभालीची योग्य व्यवस्था करण्यात यावी.

आणि साहेबांनी ज्याची भीती घातली होती तेही झालं, फक्त माझ्या कागदाशिवाय. दोन-तीन वर्षांनी एका सभेत एका बड्या माणसानं आमच्यासमोर सांगितलं, की हे असले उद्योग म्हणजे विद्वानांची हौस, देशाला कोळशाशिवाय पर्याय नाही, बघा ती गंजलेली यंत्रं. लोक हसले. माझ्या अंगाची आग झाली. जे काम नीट, सावकाश केलं असतं तर उभं राहिलं असतं, ते आमच्याच लोकांनी फुगवून फोडलं, आणि नाव मात्र त्या कल्पनेचं खराब झालं.

पुण्याचा सहकारी मध्यंतरी नोकरी सोडून एका सॉफ्टवेअर कंपनीत गेला. जाण्याआधी येलहंक्याला आला. खिशातून फ्लॉपी काढून म्हणाला, त्या दिवशीचा खरा तक्ता यात आहे, मी ठेवला होता, तुला हवा असेल तर घे.

“मला कशाला देतोस,” मी म्हटलं. “मला माहीतच आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना द्यायचा होतास.”

वरून विमान गेलं. हवाई दलाचा तळ जवळ असल्यानं तिथे बोलणं असं मधेच तुटायचं. तो आवाज ओसरेपर्यंत थांबला. फ्लॉपी टेबलावर ठेवून गेला. मी वाईट बोलले असं नंतर वाटलं, पण पत्र काही लिहिलं नाही.

सत्कारानंतर अक्काकडे जायला मला चार महिने लागले होते. नवरा बरोबर होता, पिशवीत इंजिनाचा तो भाग होता. तिनं दारातच आम्हाला बघितलं, या म्हणाली नाही. आत गेली आणि घमेलं आणि फावडं आणून माझ्या पायाशी ठेवलं. काळ्या पाण्यासाठी शेडमागे खड्डा हवा होता. चार रविवार आम्ही खणलं, त्यात कोळसा आणि वाळूचे थर दिले, तळ्याकडचा पाइप तोडला. तिसऱ्या रविवारी तिनं आम्हाला नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, वाढले. स्वल्पच बोलली, पण वाढले. यंत्र नंतर आठवड्यातून तीन-चार दिवस, फक्त पाणी चढवण्यापुरतं चालायचं. गावात पक्की वीज येईपर्यंत चाललं. त्यानं देशाचा किती धूर वाचला मला माहीत नाही. फार नसणार.

एकदा येलहंक्याच्या शेडमध्ये ऑपरेटरांचं प्रशिक्षण ठेवलं, तिला शिकवायला बोलावलं. ती आली नाही. तुमच्या लोकांना इकडे पाठवा, म्हणाली. म्हणून मी संस्थेत नव्यानं लागलेल्यांना तिच्याकडे पाठवू लागले, आठ-आठ दिवस राहायला. त्यांतली एक मुलगी परत आली ती हाताला फोड घेऊन. दशक संपत आलं होतं, दिल्लीला नवा आराखडा हवा होता, आणि अंमलबजावणीचं प्रकरण तिच्याकडे होतं. तिनं चांगलं वीस पानांचं लिहिलं. प्रत्येक वाक्याला कर्ता होता.

छपाईच्या आधी तिचा मला येलहंक्याला फोन आला. प्रकरण दोन पानांचं झालं होतं. आता काय करायचं, विचारत होती. मी म्हटलं, कोणाच्या टेबलावर कापलं ते आधी शोध. ती म्हणाली, शोधलंय, साहेबांच्याच, आत्ता कॉम्प्युटरच्या खोलीतच बसलेत. मी हात पुसले, शेडला कुलूप लावलं आणि येलहंक्याहून पुढच्या बसनं निघाले. संस्थेत पोचले तेव्हा ती कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर माझी वाट बघत उभी होती. आम्ही दोघी तशाच, चपला न काढता, आत गेलो.